कॉन्फिगभाऊ

येवल्यात पैठणी घ्यायची असली की गिऱ्हाईक सरळ दुकानाची पायरी चढतं. गेमिंगचा कॉम्प्युटर घ्यायचा असला की मात्र आधी कॉन्फिगभाऊकडं जावं लागतं. त्याचं खरं नाव आधार कार्डावर आहे आणि तिथंच राहिलंय. त्याला दुकान नाही, पाटी नाही, फी तर नाहीच. आहे ती एक ओसरी, आतल्या खोलीत वडलांचा, म्हणजे आण्णांचा, हातमाग, आणि मागाच्या ठोक्यावर चाललेली सल्लामसलत. अंदरसूल, नगरसूल, पाटोदा, कुठून कुठून पोरं येतात. चपला काढतात, पाणी पितात आणि उगाच आवाज खाली घेऊन म्हणतात, "भाऊ, एक कॉन्फिग पाहिजे होतं."

"बजेट?"

"चाळीस हजार."

"मॉनिटर धरून का सोडून?"

इथं निम्मी पोरं गळतात. ज्यानं घरी मोठ्या मुश्किलीनं चाळीसवर होकार मिळवलाय, त्याला मॉनिटर वेगळा असतो हे इथंच कळतं. "धरून," तो चाचरत म्हणतो. मग कीबोर्ड-माऊस? तेही धरून. यूपीएस? येवल्यात लाईटीचा भरवसा नाही, तेव्हा तोही धरून. विंडोज? "ते तर फुकटच असतं ना, भाऊ?" कॉन्फिगभाऊ काही बोलत नाही. तो आत जाऊन पैठणीच्या रिकाम्या खोक्याचं झाकण आणतो आणि उलट्या बाजूला लिहायला बसतो. त्याच्या हातची यादी कागदावर कोणी पाहिलेली नाही.

बाकीचं जग ग्राफिक्स कार्डापासून सुरुवात करतं. कॉन्फिगभाऊ सर्वांत वर लिहितो, 'एसएमपीएस'. वीज पुरवणाऱ्या त्या डब्याकडं कोणी ढुंकून बघत नाही, दुकानदारही कॅबिनेटबरोबर एखादा असाच चिकटवून देतो, म्हणून याचा सगळा जीव त्याच्यावर. "डब्यावर साडेचारशे वॅट छापलंय म्हणून साडेचारशे देतो का तो? छापायला काय लागतं?" मग 80 प्लसच्या शिक्क्याचं प्रवचन. भिंतीतून शंभर वॅट घेतले तर निदान ऐंशी आत पोचले पाहिजेत, उरलेल्याची नुसती उष्णता होते. ब्रॉन्झ असेल तर त्याहून बरं. आणि तो शिक्का वीज किती वाया जाते एवढंच सांगतो, डबा जळणार नाही याची हमी देत नाही, हेही तो न विसरता सांगतो. तोवर पोराचं लक्ष भिंतीवरच्या कॅलेंडरकडं गेलेलं असतं. त्याला फक्त जीटीए चालेल का, एवढंच विचारायचं असतं.

रॅमच्या बाबतीत तो फार हळवा आहे. सोळा जीबीची एकच पट्टी घेणारा माणूस त्याला बघवत नाही. आठ-आठच्या दोन घ्याव्यात, दोन वाटांनी माल येतो. आणि वेगळं कार्ड न घेता रायझनच्या 5600जीच्या पोटातल्या ग्राफिक्सवर भागवायचं असेल तर दोन हव्यातच, कारण ते ग्राफिक्स स्वतःची मेमरी बाळगत नाही, रॅममधूनच उसनी घेतं. हे सगळं अगदी खरं आहे. माझी तक्रार एवढीच, की तो हे लग्नाच्या पंगतीतही सांगतो.

इंटेलच्या 12100एफमधल्या शेवटच्या 'एफ'वर तर तो अर्धा तास बोलू शकतो. एफ म्हणजे आत ग्राफिक्सच नाही. एका हुशारानं एफवाला स्वस्त पडतो म्हणून घेतला, कार्ड 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणून टाळलं, आणि घरी नेऊन लावला. पंखे फिरले, दिवे लागले, पडदा मात्र काळाच. त्यानं मॉनिटर बदलून आणला, तोही काळा. तिसऱ्या दिवशी तो ओसरीवर आला तेव्हा कॉन्फिगभाऊच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते त्याच्या बारावीच्या निकालालाही पसरलं नव्हतं.

त्याचा खरा संताप मात्र काचेच्या डब्यावर. पोरगं परस्पर शहरात जातं, आत सात रंगांचे पंखे फिरताना बघतं, 'आय सेव्हन आहे' एवढं ऐकतं आणि पैसे मोजून येतं. घरी आल्यावर कळतं की आय सेव्हन दहा-बारा वर्षांपूर्वीचा आहे आणि आजचा साधा आय थ्री त्याला सहज मागं टाकतो. "नुसतं आडनाव बघून सोयरीक करता का रे?" कॉन्फिगभाऊ ओरडतो. "पिढी विचारायची, पिढी!"

एवढ्या माणसाचा स्वतःचा कॉम्प्युटर कसा असेल? कुठल्याशा ऑफिसातून निघालेला, दुसऱ्या हाताचा, चौथ्या पिढीचा आय फाईव्ह. हार्ड डिस्क घरघरते, मागाचा ठोका थांबला की जास्तच ऐकू येते. कारण कॉन्फिगभाऊ स्वतःसाठी थांबलाय.

2021 मध्ये पैसे तयार होते. पण कार्डंच मिळेनात. करोनानं पुरवठ्याची साखळी विस्कटलेली, त्यात इथेरियमची नाणी खणणाऱ्यांनी बाजारातली कार्डं उचललेली. "थांबू, हा फुगा फुटणार," तो म्हणाला. आणि फुटला की! सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियमनं खणायची पद्धतच बंद केली आणि वापरलेली कार्डं ढिगानं विकायला आली. मग हा म्हणाला, रात्रंदिवस राबवलेलं कार्ड कोण घेईल? शिवाय त्याच महिन्यात एएमडीनं एएम-फाईव्ह सॉकेट आणलं. आता 2017 पासून चालत आलेल्या एएम-फोरवर पैसे घालायचे म्हणजे संपत आलेल्या रस्त्यावर गाडी घालणं. पण एएम-फाईव्हला डीडीआर-फाईव्हच रॅम लागते आणि ती महाग. थांबू. रॅम उतरली. तोवर नवी कार्डं येणार अशी बातमी आली. थांबू. 14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज टेनचा आधार काढून घेतला. त्याचा डबा इलेव्हनच्या यादीत बसत नव्हता, तेव्हा अखेर कॉन्फिगभाऊ उठला. नेमकं त्याच सुमाराला एआयच्या डेटा सेंटरांनी जगभरची मेमरी ओढायला सुरुवात केली आणि रॅमचे भाव भडकले. तो खाली बसला.

एकदा तो खरेदीच्या तयारीनं मुंबईला गेला होता, हे नमूद करायला हवं. मनमाडहून पहाटेची पंचवटी धरली, पुढं लोकलनं ग्रँट रोड गाठून दिवसभर लॅमिंग्टन रोड पालथा घातला, एकेका दुकानात मदरबोर्डाच्या मॉस्फेटवरचे हीटसिंक बोटानं दाबून बघितले. परत आला तो थर्मल पेस्टची एक ट्यूब घेऊन. "फार चांगली आहे," म्हणाला. अजून फोडलेली नाही.

सुरुवातीला सल्ला द्यायला एवढी गिऱ्हाइकं नव्हती. पोरं मोबाईलवरच रमलेली. सप्टेंबर 2020 मध्ये सरकारनं पबजीवर बंदी घातली, तेव्हा त्यांतली काही कॉम्प्युटरकडं वळली आणि ओसरी भरली. इथल्या पोरांचं बजेट मात्र प्रोसेसरच्या भावावर ठरत नाही, कांद्याच्या भावावर ठरतं. हे अर्थशास्त्र कॉन्फिगभाऊला जेवढं कळतं तेवढं बाजार समितीतल्या व्यापाऱ्यांनाही कळत नसेल. पाटोद्याकडचं एक पोरगं 2023 च्या दिवाळीनंतर आलं. लाल कांदा काढणीला आलेला, वडलांनी शब्द दिलेला, मोठा बेत ठरला: आठ जीबीचं आरएक्स 6600 कार्ड, साडेपाचशे वॅटचा ब्रॉन्झ एसएमपीएस, सगळं. 8 डिसेंबरला केंद्रानं कांद्याची निर्यात बंद केली. लिलावात भाव कोसळले आणि तिसऱ्या दिवशी पोरगं झाकण घेऊन परत ओसरीवर. कॉन्फिगभाऊनं कार्डावर काट मारली. प्रोसेसरच्या जागी पोटात ग्राफिक्स असलेला 5600जी लिहिला. एसएमपीएसला मात्र हात लावू दिला नाही. "कार्ड आज नाही, उद्या येईल. डबा तोच राहील." पुढच्या वर्षी चाळीतल्या उन्हाळ कांद्यानं हात दिला, कार्ड आलं, कॉन्फिगभाऊनं स्वतः जाऊन बसवलं. बसवताना बायोसमध्ये शिरून जुनं ग्राफिक्सही मुद्दाम चालूच ठेवलं, म्हणजे पुढंमागं दुसरा मॉनिटर जोडायचा झाला तर अडायला नको. याला तो फ्युचर-प्रूफ म्हणतो.

आण्णांना या सगळ्याबद्दल काय वाटतं ते त्यांनी फारसं कधी सांगितलं नाही. बोलण्यापेक्षा कांडी फिरवणं त्यांना बरं वाटतं. एकदा स्वतःच्या कॉम्प्युटरसाठी पैसे मागायचे होते म्हणून कॉन्फिगभाऊनं त्यांना इतिहास ऐकवला. 1804 साली फ्रान्समध्ये जकार नावाच्या माणसानं मागाला भोकं पाडलेले पुठ्ठे जोडले, भोक असेल तर धागा उचलायचा, नसेल तर नाही. आपल्या काठाचं जकार्ड त्याच्याच नावाचं. तेच पुठ्ठे बघून इंग्लंडात बॅबेजनं गणिताचं यंत्र आखलं, तेच तत्त्व धरून अमेरिकेत हॉलेरिथनं 1890 ची जनगणना मोजली, आणि त्याच्या कंपनीतून पुढं आयबीएम झाली. "म्हणजे आण्णा, बघायला गेलं तर कॉम्प्युटर मागावरच जन्माला आला."

"मग बस मागावर," आण्णा म्हणाले.

संक्रांतीला येवला तीन दिवस गच्चीवर असतो, तेव्हा कॉन्फिगभाऊही वर असतो, पण पतंग उडवत नाही. दुसऱ्याची दोऱ्याची आसारी धरतो आणि पतंग डावीकडं घ्यावा की उजवीकडं ते सांगतो. कोणाचा काटला की दोऱ्याच्या दर्जावर बोलतो.

गेल्या दिवाळीच्या आधी ते पाटोद्याचं पोरगं आपला डबा धूळ काढायला घेऊन आलं. कार्ड बसवून वर्ष होत आलेलं. "कार्ड टाकल्यापासून लई स्मूथ झालं, भाऊ," ते येता येताच म्हणालं, आणि कॉन्फिगभाऊ माझ्याकडं बघून हसला. दोघांनी मिळून ब्रशनं पंखे झाडले, झाकण लावलं, कॅबिनेट टेबलावर ठेवलं. पोरानं सवयीनं मॉनिटरची वायर मागं खुपसली आणि बटण दाबलं. खेळ चालू झाला.

आण्णा पाणी प्यायला उठले होते. हाताच्या पैठणीचा पदर उलटा केला तरी मोर तसाच्या तसा दिसतो, नकली असेल तर मागं सुटे धागे लोंबतात. त्यामुळे कुठलीही वस्तू आधी मागून बघायची, ही त्यांची जन्माची खोड. ते तांब्या घेऊन टेबलाला वळसा घालून गेले आणि कॅबिनेटच्या पाठीमागं वाकून उभे राहिले.

"का रे, ही वायर वरच्या भोकात आहे. ही खाली आडवी चार भोकं आहेत, ती कशाची?"

कॉन्फिगभाऊ वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला. वायर मदरबोर्डात होती. खालची चार भोकं कार्डाची, त्यांतल्या तिघांवर कंपनीनं घातलेली रबरी टोपणं अजून होती. चौथं टोपण त्यानं स्वतः काढलं होतं, बसवलं त्या दिवशी. त्यानंतर घरच्यांनी टेबल हलवलं, वायर पोरानं परत लावली, आणि फ्युचर-प्रूफ बायोसनं काही एक तक्रार न करता वर्षभर पोटातल्या ग्राफिक्सवर खेळ दाखवला. वीस-पंचवीस हजारांचं कार्ड आत नुसतं बसून होतं.

"घरी पण इथंच लावतो का?"

"हो. तिथंच बसते ना ती."

कॉन्फिगभाऊनं वायर उपसली, खाली लावली, आणि छाती भरून श्वास घेतला. "आता बघ."

पोरानं बघितलं. व्हॅलोरंट लावलं, इकडं पळालं, तिकडं पळालं, दोन-चार जणांना मारलं. आण्णाही थांबले होते.

"आधी पण असंच चालायचं, भाऊ."

व्हॅलोरंट जुन्या ऑफिसच्या डब्यावरही चालतं, हे ओसरीवर फक्त एकाच माणसाला माहीत होतं. तो क्षणभरच गप्प राहिला.

"मॉनिटर साठ हर्ट्झचा आहे ना तुझा, म्हणून तुला दिसत नाही. मॉनिटर बदलावा लागंल," म्हणत त्यानं खोक्याचं झाकण ओढलं. "पण आत्ता घेऊ नको. थांब जरा."