अपयशाचे खुले विद्यापीठ

प्रकल्पात अपयश अनुभवल्याशिवाय माणूस घडत नाही, असे व्यवस्थापनाचे जाणकार सांगतात. या शिक्षणात रायगड जिल्हा देशाच्या पुढे आहे. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल-इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले. ते २०१४ मध्ये संपण्याची भीती होती. यंत्रणेच्या दूरदृष्टीने ती टळली. पुढे दशक उलटले, मुदती बदलल्या, कंत्राटदार बदलले, उच्च न्यायालयानेही विचारपूस केली. अभ्यासक्रम अखंड राहिला. गणपतीपूर्वीची मंत्र्यांची पाहणी ही वार्षिक परीक्षा, निकाल अर्थातच राखीव. वडखळ ते कोलाड चाकरमान्यांना प्रात्यक्षिक मोफत. कमरेच्या पट्ट्याचा खर्च ज्याचा त्याने करावा.

याउलट कोकण रेल्वे. १९९० मध्ये महामंडळ स्थापन झाले आणि १९९८ मध्ये रोह्यापासून मंगळूरच्या वेशीपर्यंत ७४१ किलोमीटरवर गाडी धावूही लागली. डोंगर, दऱ्या, खाड्या, कोकणचा पाऊस, असे सगळे साहित्य हाताशी असताना संधी दवडली.

यापुढे निविदेतच अट हवी : किमान दोन अर्धवट पुलांचा दाखला जोडल्याशिवाय अर्ज स्वीकारू नये. या निकषावर पेणचे मूर्तिकार थेट अपात्र ठरतात. मूर्ती लाखोंनी, तारीख पंचांगाने ठरवलेली, मुदतवाढीची सोय नाही. तरी त्यांनी एकही चतुर्थी पुढे ढकललेली नाही. अशा अननुभवी लोकांच्या हाती महामार्ग देणे धोक्याचे आहे. तो पूर्ण होईल.