शिक्रा आला, पळा!

पक्षिनिरीक्षकांत माणसाची पत त्याच्या दुर्बिणीवरून ठरते. माझी दुर्बीण अगदीच बेताची, म्हणून कर्नाळ्याला मी फोनवर भिस्त ठेवतो. सगळे माना वर करून भृंगराज शोधत असताना ‘सर, सर्व्हर गेला!’ असा फोन यावा, यासारखं सुख नाही. मी चार पावलं बाजूला होतो, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतपतच. मग ‘लॉग बघ, क्वेरी पाठव’ हे जरा खर्जात. डेटाबेस सांभाळणाऱ्याला जग विचारत नाही. निदान बारा चौरस किलोमीटरच्या या अभयारण्यात तरी विचारावं!

सर्व्हर सहसा कुठेही गेलेला नसतो. मी आधी अपटाइम, म्हणजे सर्व्हर सलग किती वेळ चालू आहे ते, विचारतो. भलामोठा आकडा आला की समजावं, गडी जागेवर आहे, त्यानं फक्त एक क्वेरी नाकारली आहे. मायएसक्यूएल हा डेटाबेस असेल तर तो 1064 हा आकडा तोंडावर फेकतो आणि ‘अमुक शब्दाजवळ तुमचं व्याकरण चुकलंय, मॅन्युअल बघा’ असं सुनावतो. नवशिके त्या अमुक शब्दालाच झोडपत बसतात. पण ती सर्व्हरनं हात टेकल्याची जागा. चूक बहुधा तिच्या आधी असते: एखादा राहिलेला स्वल्पविराम, नाहीतर भलत्या जागी मिटलेलं अवतरण. तिथे शब्दच छापला नसेल, तर क्वेरी अर्ध्यावर संपलेली असते. मर्यादेबाहेर अगडबंब क्वेरी पाठवली तर मात्र तो वाद घालत नाही, लाइनच कापतो. आपल्या हाती उरतो 2006 हा आकडा.

आता भृंगराज. (खरं तर लेख त्याच्यासाठीच लिहायला घेतला, संपादकांना सांगू नका.) काळाभोर, डोक्यावर तुरा, शेपटीला दोन लांब तारा आणि तारांच्या टोकाला पळ्या. उडाला की दोन भुंगे पाठलागाला लागल्यासारखे वाटतात. पण खरी करामत गळ्यात. हा पठ्ठ्या दुसऱ्या पक्ष्यांचे आवाज हुबेहूब काढतो. सातभाईंच्या थव्यात सामील होतो, ते पाचोळा उलटत किडे उठवतात, आणि हा मधेच शिक्र्याचा आवाज काढतो. शिकारी आला म्हणून थवा पांगतो आणि किडे याच्या वाट्याला येतात. आकाशात शिक्रा औषधालाही नसतो.

हा पक्षी पाहिला की मला कचेऱ्यांतल्या खिडक्या आठवतात. ‘सर्व्हर डाऊन आहे!’ अशी एक आरोळी, आणि सकाळपासूनची रांग भुर्रकन रिकामी.

एकदा फोन अशाच एका खिडकीमागून आला होता. रांगेत एक डिसोझाबाई होत्या. इंग्रजीत त्यांच्या आडनावात ‘डी’नंतर वर एक टिंबासारखी रेघ असते. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत मजकूर संपल्याची खूणही नेमकी तीच. सर्व्हरला वाटलं, नाव ‘डी’वरच संपलं, आता ‘सोझा’ हा कुठला हुकूम? लगेच 1064.

फोनवरचा पोरगा म्हणाला, “सर, बाईंना सांगितलंय, ते चिन्ह काढूनच नाव लिहा.”

तेव्हा मात्र माझा खर्ज सुटला. पोर्तुगीजांकडे वसई आली 1534 मध्ये, आणि त्यांच्यामागून अशी आडनावं. एसक्यूएल आयबीएममध्ये जन्मली 1974 च्या सुमारास. शतकानुशतकांच्या आडनावानं परवाच्या भाषेसाठी स्वतःचा तुकडा पाडायचा? आणि इलाज काही नवा नाही. क्वेरीचा साचा वेगळा पाठवा, नाव वेगळं पाठवा, म्हणजे सर्व्हर नावाला हुकूम समजत नाही. तसं केलं नाही तर काय होतं, हे ‘फ्रॅक’ या हॅकरांच्या मासिकानं 1998 मध्येच छापलं होतं: त्याच रेघेच्या फटीतून चोर स्वतःचे हुकूम आत सरकवतो. जिथे डिसोझाबाई अडतात, तिथूनच चोर शिरतो. बाई तर फुकटात धोक्याची सूचना देत होत्या, आणि त्यांना उत्तर मिळालं होतं, ‘चिन्ह काढा’.

पोरानं कोड सुधारला. बाईंचं नाव रेघेसकट नोंदवलं गेलं.

तेव्हापासून कुठल्याही खिडकीवर ‘सर्व्हर डाऊन’ ऐकलं की मी जागचा हलत नाही. मागच्या रांगेलाही ऐकू जाईल असं, तज्ज्ञाच्या आवाजात विचारतो, “अपटाइम किती?”

परवा पलीकडून मान वर न करता उत्तर आलं, “अडीच ते पाच.”