रिमोटवरची टिकली

आमच्या घरात दोन रिमोट आहेत, एक टीव्हीचा आणि एक सेटटॉप बॉक्सचा. परवा दुपारी लाइट गेले होते, करायला काही नव्हतं, म्हणून दोघांची बटणं मोजली. टीव्हीच्या रिमोटवर ४७, बॉक्सच्या रिमोटवर ४२. एकूण ८९. त्यातली रोज लागणारी किती म्हणून बोटांवर मोजली, तर सातच भरली. उरलेली ८२ बटणं मी गेली सहा वर्षं दिवाळीच्या साफसफाईत कापसाच्या बोळ्यानं एकेक करून पुसतो आहे. त्याबदल्यात त्यांनी माझ्यासाठी काय केलं? एकदा टीव्ही तमिळमध्ये बोलायला लागला, आणि एकदा चित्र असं चपटं झालं की सगळी मालिका बुटक्या आणि रुंद माणसांची झाली. दोन्ही वेळा नेमकं कुठलं बटण दाबलं गेलं, ते आजतागायत कळलेलं नाही.

बटणं जास्त आहेत हे एक वेळ चालेल. पण रिमोट ही बघून वापरायची वस्तू नव्हे, हे ती बनवणाऱ्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही. नजर पडद्यावर असते, खोलीतला दिवा घालवलेला असतो आणि सगळं काम एकट्या अंगठ्यानं करायचं असतं. पेटी वाजवणारा माणूस पट्ट्यांकडे बघत नाही. काळ्या पट्ट्या उंच असतात, शिवाय दोन आणि तीन अशा टोळ्यांनी बसलेल्या असतात, त्यामुळे आपण कुठे आहोत ते बोटाला आपोआप कळतं. आमच्या रिमोटवर मात्र आवाजाचं बटण आणि चॅनलचं बटण ही जुळी भावंडं आहेत. तीच उंची, तोच आकार, मध्ये दीड बोटाचं अंतर. शेवटच्या षटकात बारा धावा हव्या असतात, जाहिरात मोठ्यानं ओरडायला लागते, मी आवाज कमी करायला जातो आणि पडद्यावर कुणीतरी खमंग कांदा परतायला लागतं. मग घरातून जो आवाज येतो, तो कमी करायचं बटण कुठल्याच रिमोटवर नाही.

त्यातून रिमोट दोन्ही टोकांना सारखाच निमुळता. अंधारात उचलला की निम्म्या वेळा उलटा हातात येतो आणि आपण स्वतःच्याच पोटावर नेम धरून चॅनल बदलत बसतो. अंगठ्याचा विचार केल्याची एकच खूण मला सापडली आहे. ५ या आकड्यावर एक बारीकसा उंचवटा असतो. तो चाचपला की बाकीचे आकडे अंदाजानं लागतात. ज्यानं कुणी तो तिथे बसवला, त्यानं आणखी चार बटणांवर बसवला असता तर काय बिघडलं असतं?

लाल, हिरवं, पिवळं, निळं अशी चार रंगीत बटणं तुमच्याही रिमोटवर असतील. ती इंग्लंडातल्या टेलिटेक्स्टची. पडद्यावर हवामान, बातम्या, शेअरचे भाव अशी अक्षरांची पानं यायची आणि रंग दाबून पान उलटायचं. टेलिटेक्स्ट गेलं, बटणं राहिली. वाडा पडला तरी दारातली घोडागाडीची पायरी शिल्लक असते, तसं. आमच्याकडे ती फक्त भाचा आला की दाबली जातात, आणि ती दाबून काहीही होत नाही याचा त्यालाही फार आनंद होतो.

सुरुवात अशी नव्हती. अमेरिकेत झेनिथ कंपनीनं १९५० साली पहिला रिमोट काढला, तो वायरीचा. नाव 'लेझी बोन्स', म्हणजे सरळ सरळ आळशी. दिवाणखान्यातून वायर गेली की माणसं अडखळणारच, म्हणून १९५५ साली त्याच कंपनीतल्या युजीन पॉली यांनी बिनवायरीचा रिमोट केला. तो एक प्रकारचा टॉर्चच. टीव्हीच्या चार कोपऱ्यांत प्रकाश ओळखणारे डोळे बसवलेले आणि ज्या कोपऱ्यावर झोत टाकाल तसं काम होणार. पंचाईत अशी की खिडकीतून ऊन आलं तरी टीव्हीला ती आज्ञाच वाटायची. मग १९५६ साली रॉबर्ट ॲडलर यांचा रिमोट आला. त्यात अ‍ॅल्युमिनियमच्या चार कांड्या होत्या. बटण दाबलं की छोटी हातोडी कांडीवर ठण्णकन बसायची, कांडी माणसाच्या कानाला न ऐकू येणाऱ्या सुरात वाजायची आणि तो सूर ऐकून टीव्ही चॅनल बदलायचा. बटणं मोजून चार. सेल नाहीतच. ते नकोत असा आग्रह विक्री खात्याचा होता. सेल संपले तर गिऱ्हाइकाला वाटेल टीव्हीच बिघडला. किती समंजस खातं! किल्ल्यांचा जुडगा खुळखुळला की कधीकधी चॅनल बदलायचा म्हणतात, पण तेवढं चालवून घेता येतं.

हे ॲडलर मूळचे व्हिएन्नाचे, भौतिकशास्त्राचे डॉक्टर. २००७ साली ते गेले तेव्हा त्यांच्या पत्नीनं सांगितलं की ते टीव्ही फारसा बघतच नसत, वाचत बसत. मला वाटतं चार बटणांचं रहस्य तेच. टीव्ही फारसा न बघणाऱ्या माणसाला टीव्हीकडून अपेक्षाही चारच असणार.

रिमोट कंट्रोल हा शब्द आईला मात्र टीव्हीमुळे कळला नाही. १९९५ साली युतीचं सरकार आलं आणि सरकारचा रिमोट कंट्रोल आपल्या हातात आहे, असं बाळासाहेब ठाकरे उघडपणे म्हणत. तेव्हा साताऱ्याच्या आमच्या घरात चॅनल बदलायला टीव्हीचा कान पिळावा लागे. पुढे रिमोटवाला टीव्ही आला तेव्हा बाबांनी रिमोट ताब्यात घेतला आणि आई म्हणाली, "म्हणजे आता मी मुख्यमंत्री." बाबांनी तो रिमोट शेवटपर्यंत मूळच्या प्लॅस्टिकच्या पिशवीतच वापरला. पिशवीवर हळदीचे, तेलाचे डाग पडून आकडे दिसेनासे झाले, पण आतला रिमोट नवाकोरा राहिला. टीव्ही भंगारात गेला त्या दिवशी तो पिशवीतून बाहेर आला. सगळे मिळून बघत राहिलो.

बाबा गेल्यावर रिमोट आईकडे आला, तोवर ते दोन झाले होते. आणि इथे त्या यंत्राचा मूळ दोष आड आला. साधा रिमोट दिसत नसलेल्या उजेडातून टीव्हीला हुकूम सोडतो, पण उलट उत्तर ऐकायची सोय त्याच्यात नाही. टीव्ही चालू आहे की बंद, हे त्याला माहीतच नसतं. चालू आणि बंद दोन्हीला बटण एकच. दाबलं की जे असेल त्याच्या उलट. आता आई रात्री टीव्ही बंद करते, बॉक्स चालूच राहतो. सकाळी ती दोन्ही रिमोट घेऊन शिस्तीत दोन्ही बटणं दाबते. टीव्ही जागा होतो आणि बॉक्स झोपतो. पडद्यावर 'नो सिग्नल'. आई पुन्हा दोन्ही दाबते. आता बॉक्स जागा, टीव्ही झोपलेला. हवामान दाखवणाऱ्या खेळण्यातल्या घरात ऊन-पावसाचे बाहुले असतात, एक बाहेर आला की दुसरा आत, तसा प्रकार. मग पुण्याला मला फोन.

"टीव्हीवर काय दिसतंय, आई?"

"काही नाही. मगाशी इंग्रजीत काहीतरी होतं, आता तेही गेलं."

"हातात कुठला रिमोट आहे?"

"काळा."

"दोन्ही काळेच आहेत गं."

"मग जवळचा."

"बरं. त्याच्यावर लाल बटण दिसतंय का?"

"दोन आहेत."

"वरचं दाब."

"वरचं म्हणजे कुठलं? अरे, मी उलटा तर नाही ना धरला?"

हा संवाद पस्तीस मिनिटं चालला. तेवढ्यात मालिका संपली. शेजारची मुलगी विरजण मागायला आली, तिनं एक बटण दाबलं आणि सगळं लागलं. कुठलं दाबलंस म्हणून आईनं विचारलं तर म्हणाली, "असंच."

पुढच्या खेपेला गेलो तर दोन्ही रिमोट नटलेले. बॉक्सच्या रिमोटवर चालू-बंदच्या बटणाला मोठी मरून टिकली. आवाज वाढवायला छोटी लाल, कमी करायला छोटी काळी. टीव्हीच्या रिमोटवर एकच मोठी टिकली, बाकी सगळा भाग चिकटपट्टीनं आणि जाड पुठ्ठ्यानं झाकलेला, कापून एक खिडकी ठेवलेली. बाबा गेल्यावर आईनं मोठी टिकली लावायची सोडली, बारीक ठेवली. मोठ्यांचं पाकीट कपाटात तसंच पडून होतं. "वाया कशाला घालवायच्या," ती म्हणाली. तेव्हापासून आमचं फोनवरचं शास्त्र सुधारलं. "मोठी दाब" म्हटलं की झालं. मखमली टिकली अंगठ्याला अंधारातही लागते. ५ वरच्या त्या उंचवट्याची ही थोरली बहीण.

टिकलीचा उपाय सेलवर मात्र चालत नाही. रिमोट चालेनासा झाला की मराठी माणूस ठरलेल्या पायऱ्यांनी जातो. आधी बटण जोरात दाबतो. मग रिमोट तळहातावर आपटतो. मग मागचं झाकण काढून सेल जागच्या जागी गोल फिरवतो. फिरवण्याला अर्थ आहे, टोकांवर चढलेला गंज घासला जातो आणि दोन दिवस निघतात. जोरात दाबण्याला काही अर्थ नाही. रबराच्या बटणाखाली कार्बनची टिकली असते, ती खालच्या पट्टीला टेकली की काम झालं, नाही टेकली तर पहिलवान आणला तरी उपयोग नाही. सेल चावून बघणारे लोकही मी पाहिले आहेत, त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं. खरी परीक्षा सोपी आहे. मोबाइलचा पुढचा कॅमेरा सुरू करा, रिमोटचं तोंड त्याच्यासमोर धरा आणि बटण दाबा. डोळ्याला न दिसणारा तो उजेड कॅमेऱ्यात जांभळट लुकलुकताना दिसतो. दिसला तर रिमोट ठीक आहे, दुखणं टीव्हीचं.

आमच्या बॉक्सच्या रिमोटचा कार्बन शेवटी गेला. पुण्यात अशा वेळी पासोड्या विठोबाच्या देवळाजवळच्या बाजारात जायचं. तिथल्या एका दुकानात रिमोट तोरणासारखे लटकलेले होते. मी मॉडेलचा नंबर कागदावर लिहून नेला होता. दुकानदारानं कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. जुना रिमोट हातात घेतला, अंगठा एकदा वरून खाली फिरवला आणि मागे न बघता तोरणातला एक ओढून पुढे टाकला. "हा लागेल. नाही लागला तर घेऊन या." एकशे ऐंशी रुपये. लागला. अंगठ्यानं रिमोट ओळखणारा हा एवढा एकच माणूस मला आजवर भेटला आहे, आणि रिमोट बनवणाऱ्यांनी त्याला महिनाभर पगारावर ठेवावं असं माझं प्रामाणिक मत आहे.

मला स्वतःला काय हवं, असं कुणी विचारत नाही, पण सांगून ठेवतो. आवाजाला बटण नको, जुन्या रेडिओसारखी चकती हवी, म्हणजे किती वाढला ते बोटालाच कळेल. रिमोटचं एक टोक जड हवं. चालू आणि बंद यांना दोन वेगळी बटणं हवीत, त्यासाठी ती रंगीत चारातली दोन घ्या. आणि टीव्हीलाच एक असं बटण हवं की ते दाबलं की रिमोट जिथे असेल तिथून ओरडेल. मोबाइल हरवला तर दुसऱ्याच्या फोनवरून रिंग देता येते. रिमोट हरवला की चार माणसांना सोफ्यावरून उठवावं लागतं, आणि ज्याच्या खाली तो असतो तो माणूस सगळ्यात शेवटी उठतो.

बनवणाऱ्यांनी ऐकलं, पण उलट्या कानानं. आईकडे गेल्या गणपतीत नवा टीव्ही आणला. त्याचा रिमोट वीतभर, काळा, गुळगुळीत, बटणं जेमतेम बारा. मी खूश झालो. मग नीट पाहिलं तर त्यातली चार भाड्यानं दिलेली. चार ॲपवाल्यांची नावं, ठळक रंगीत, बाकी सगळ्या बटणांपेक्षा मोठी. आकडे नाहीतच. आईनं कालनिर्णयाच्या मागे चॅनलचे नंबर लिहून ठेवले होते, ते सगळे फुकट गेले. 'पिंजरा' शोधायचा तर पडद्यावरच्या इंग्रजी मुळाक्षरांत बाणानं चालत चालत आधी पी, मग परत मागे आय, असं गाव फिरायचं. त्याला पर्याय म्हणून एक माइकचं बटण आहे. आईनं ते दाबून अदबीनं सांगितलं, "अहो, जरा पिंजरा लावता का?" टीव्हीनं पोपटांचा पिंजरा साफ कसा करावा याचा व्हिडिओ लावला. आईनं तो पूर्ण बघितला. मध्येच उठणं तिला बरं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं टिकल्यांचं पाकीट काढलं. नव्या रिमोटची बटणं इतकी दाटीनं बसलेली की आवाजावर मोठी टिकली लावली तर शेजारच्या ॲपचं नाव अर्धं झाकलं जात होतं. मी म्हटलं, "आई, छोटी लाव, ही ते बटण झाकतेय."

"झाकू दे," आई म्हणाली. आणि उरलेल्या अर्ध्यावर दुसरी लावली.