लेव्हल थ्री हेल्मेट

बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया, म्हणजे बंदीनंतर २०२१ मध्ये नाव बदलून परतलेला पबजी, खेळाडूला सुरुवातीलाच चेहरा, केस आणि कातडीचा रंग निवडू देतो. जन्मानंतर रंग ठरवण्याची सोय अन्यत्र नाही. क्रीमवाल्यांचे दावे वेगळे. कपडे, मुखवटे आणि बंदुकीची रंगरंगोटी यूसी नावाच्या चलनात, म्हणजे खऱ्या रुपयांत मिळते. पुष्कळदा पेटी फोडावी लागते. आत काय निघेल ते नशीब. भरजरी अंगरख्याने गोळी जोरात लागत नाही. शिवाय मैदानात कॅमेरा पाठीमागे, त्यामुळे मालकाला बहुतेक वेळ स्वतःची पाठच दिसते. खेळातले सर्वांत भक्कम, म्हणजे लेव्हल थ्री हेल्मेट चढले की हौसेने निवडलेले नाक आणि केस दोन्ही गायब.

मोशीतल्या पोराला चाकणची कंपनी करडा शर्ट आणि सेफ्टी शूज देते, त्यात निवडीला वाव नाही. ती हौस शिफ्टच्या बसमध्ये मोबाइलवर भागते. हेल्मेटचा न्याय मात्र उलटा. खेळात त्याच्यासाठी पोरगा गोळ्या झेलत धावतो. पुणे-नाशिक महामार्गावर तेच दुचाकीच्या आरशाला लटकते आणि पोलीस दिसला की डोक्यावर येते. कारण विचारले, तर केस विसकटतात.