सुप्याला हिरो नाही

‘आरआरआर’मध्ये अल्लुरी सीताराम राजू आणि कोमाराम भीम गळ्यात गळे घालून नाचले. प्रत्यक्षात राजू १९२४ साली इंग्रजांच्या गोळीने गेले, भीम १९४० साली निजामाशी लढताना. दोघं कधी भेटल्याची नोंद इतिहासात नाही, ऑस्करच्या दप्तरी मात्र आहे. चालायचंच. पण ज्या बंडावर नाचता येत नाही, त्याचं काय करायचं?

उदाहरणार्थ इंदापूर. अर्थशास्त्रज्ञ रिकार्डोचा खंडाचा सिद्धांत घोटून आलेल्या प्रिंगल साहेबाने १८३० च्या सुमारास इथल्या जमिनीवर सारा बसवला. तो इतका झेपेना, की लोकांनी जमिनी पडीक टाकल्या, काहींनी गावच सोडलं. शेवटी १८३६ साली विंगेट आणि गोल्डस्मिड यांना दर उतरवून नवी आकारणी करावी लागली. ‘लगान’मधल्या भुवनला तीन वर्षांच्या माफीसाठी बॅट धरावी लागली, इंदापूरकरांनी नांगर खाली ठेवला. पण रिकाम्या गावावर कॅमेरा किती वेळ लावणार?

आता सुपं. आज बारामती तालुक्यात, तेव्हा भीमथडीत. १२ मे १८७५ ला आसपासच्या कुणब्यांनी इथल्या सावकारांची घरं-दुकानं गाठली. दुकानं लुटली, कुठे आगही लागली, पण माणसांना मारण्यात त्यांना फारसा रस नव्हता. त्यांना हवी होती कर्जाची खतं आणि खातेवह्या. मिळतील तितक्या जाळल्या.

या मंडळींना कायदा कळत होता, ही खरी पंचाईत. १८५९ च्या कायद्याने खताची मुदत तीन वर्षं ठरवली. हेतू कुळाला वाचवण्याचा. सावकार दर तीन वर्षांनी थकलेलं व्याज मुद्दलात घालून नवं खत करून घेऊ लागला. खाली कुळाचा अंगठा, मागे इंग्रजांचं दिवाणी कोर्ट, दारात जप्तीवाला. अंगठ्याची किंमत कळलेला माणूस तलवार शोधत नाही, दप्तर शोधतो. आता दप्तर शोधणाऱ्या जमावातला हिरो कुठला निवडायचा? मिशी कुणाला लावायची?

सरकारने आयोग बसवला. साऱ्याच्या ओझ्याने हे झालं का, असा प्रश्न. आयोगाने सरकारची सुटका केली आणि खापर सावकारावर फोडलं. (इंदापुरात तीस वर्षांची मुदत सरताच १८६७ मध्ये सारा चांगलाच वाढला होता, आणि अमेरिकेतलं युद्ध संपून कापसाचा भाव आधीच बसला होता.) आपला सिनेमा अजून त्याच अहवालावर चालतो. ‘मदर इंडिया’तला सुखीलाला आठवतो, त्याच्या कागदाला धार देणारं कोर्ट कुणाला आठवतं?

पडद्यावर गव्हर्नरचा वाडा उडतो. सुप्यात एकाही साहेबाची टोपी उडाली नाही, तरी चार वर्षांत, १८७९ साली, सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. खतावरचा आकडा प्रमाण न मानता मुळात किती दिलं ते तपासायची मुभा कोर्टाला मिळाली. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणंही थांबलं. हा क्लायमॅक्स म्हणून कोण विकत घेईल?

हल्ली ‘सातबारा कोरा करा’ अशा घोषणा देत मोर्चा तहसीलवर जातो. निवेदन देतो, शिक्का मारून पोच घेतो, फोटो टाकतो. सुप्यात कुणी पोच घेतली नव्हती.