प्रश्न नाही, निरीक्षण आहे

पनवेलमध्ये कुठंही पडदा ताणून प्रोजेक्टर लावला की काका हजर. निमंत्रण लागत नाही. सोसायटीचं सभागृह असो की वाचनालयाची वरची खोली, पहिल्या रांगेतली कडेची खुर्ची त्यांची. तिथून पिक्चर तिरका दिसतो, पण माइक हाताशी येतो.

परवा कुब्रिकचा ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ होता. या चित्रपटात पहिली पंचवीसेक मिनिटं कुणी बोलतच नाही. वानरं, वाळवंट आणि एक काळी शिळा. शांतता हा काकांच्या मते तांत्रिक बिघाड असतो. “साउंड गेलाय!” ते अंधारात ओरडले. प्रोजेक्टरवाला पोरगा बिचारा दोनदा वायरी तपासून आला. या गडबडीत वानरानं हाड आकाशात भिरकावलं आणि क्षणात त्याचं अंतराळयान झालं. लाखो वर्षांची ती जगप्रसिद्ध उडी काका वायरीकडं बघत असताना पार पडली. मग यानं संथ वॉल्ट्झवर गिरक्या घेऊ लागली आणि काकांची मान खाली गेली.

हॅल नावाचा संगणक बोलायला लागला तेव्हा मात्र ते खडबडून जागे झाले. रसायनीच्या एका कारखान्यात त्यांची हयात इन्स्ट्रुमेंट खात्यात गेली. यंत्रानं काही कुरकुर केली की झोप उडते. मध्यंतर खुद्द कुब्रिकनंच ठेवलंय हे कळल्यावर त्यांचा दिग्दर्शकाबद्दलचा आदर दुप्पट झाला. दुसरा वडाही घेतला.

शेवटी रंगीत उजेडाचे लोट आले, म्हातारा आला, बाळ आलं, दिवे लागले. “आता प्रश्न विचारा,” असं निवेदिका म्हणायच्या आत माइक काकांच्या हातात.

“प्रश्न नाही, एक निरीक्षण आहे. पिक्चर १९६८चा. माणूस चंद्रावर उतरला १९६९ला. म्हणजे आधी पिक्चर, मग चंद्र.” इथून गाडी थेट पनवेलला आली. “आपली नगरपालिका १८५२ची. महानगरपालिका व्हायला २०१६ उजाडलं. हाडाचं यान व्हायला वेळ लागतोच!” (हाडाचं त्यांना मध्यंतरात कुणीतरी सांगितलं होतं.)

“काका, थोडक्यात.”

“थोडक्यातच सांगतोय,” म्हणून त्यांनी घसा साफ केला. हे लक्षण चांगलं नव्हे.

तेवढ्यात इंजिनिअरिंगच्या एका मुलानं संधी साधली. एआय उद्या असंच उलटणार, हॅल म्हणजे धोक्याची घंटा, वगैरे. काका त्याच्याकडं वळले.

“बाळा, यंत्र उलटलं नव्हतं. एक साहेब म्हणतो, रीडिंग खरंच द्यायचं. दुसरा म्हणतो, अमुक रीडिंग पोरांना दाखवायचं नाही. अशा वेळी माणूस मेडिकल टाकून घरी बसतो. यंत्राला रजा कुठाय?”

सभागृह गप्प. आर्थर क्लार्कनं १९८२च्या ‘२०१०’ या पुढच्या कादंबरीत हॅलच्या वेडाचं नेमकं हेच कारण दिलंय: माहिती दडवायची नाही हा त्याचा स्वभाव, आणि मोहिमेचा खरा हेतू अंतराळवीरांपासून दडव हा वरून आलेला हुकूम. काकांनी ती कादंबरी वाचलेली नाही, वाचणारही नाहीत. साहेब मात्र त्यांनी भरपूर पाहिलेत.

इथं थांबले असते तर टाळ्या मिळाल्या असत्या. पण टाळ्या हा काकांना व्यत्यय वाटतो. लगेच कारखान्यातला बॉयलर निघाला, बॉयलरवरून युनियन, युनियनवरून विमानतळ. वॉचमन किल्ल्या वाजवत दारात उभा राहिला. निवेदिकेनं हसतमुखानं माइक काढून घेतला.

पडद्यावर हॅलची स्मृती एकेक करून उपसतात, तसा त्याचा आवाज जड होत जातो आणि तो गाणं म्हणता म्हणता बंद पडतो. काकांचा आवाज माइक गेल्यावर मागच्या रांगेपर्यंत जास्त स्वच्छ पोचतो.

“तर,” ते म्हणाले, “आता दुसरं निरीक्षण.”