बदलापूर लोकलचे न्यायशास्त्र

गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार आहेत. सत्य शोधायचे तो वाद, काहीही करून जिंकायचे तो जल्प आणि स्वतःचे काहीच न मांडता समोरच्याचे फक्त मोडायचे ती वितंडा. सकाळच्या बदलापूर लोकलला पहिल्या प्रकाराचा थांबाच नाही.

तंटा असतो रिटर्नवाल्यांचा. अंबरनाथ-उल्हासनगरची मंडळी उलट्या गाडीने बसून बदलापूरला येतात. फलाटावर ताटकळलेला बदलापूरकर आत शिरतो, तोवर खिडक्या गेलेल्या. रिटर्नवाल्याचे अनुमान मात्र अगदी पंचावयवी. प्रतिज्ञा : जागा माझी. हेतू : कारण मी रिटर्न आलो. उदाहरण : जो जो रिटर्न येतो तो तो बसतो, जसा काल मी. उपनय : आजही मी तसाच आलोय. निगमन : म्हणून जागा माझी, पुढे व्हा.

“अहो, जरा उठा की!”

“पहाटे साडेचारलाच उठलोय.”

याला वाक्छल म्हणतात. त्यात उल्हासनगरचा हात कोण धरणार? फाळणीनंतर लष्करी छावणीत येऊन पडलेल्या सिंधी निर्वासितांनी उभारलेले हे शहर. इथल्या मालावरचे ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’, असे अख्खी मुंबई सांगते. गिऱ्हाईक अमेरिका समजले तर तो गिऱ्हाइकाचा प्रश्न.

“पंचवीस वर्षं या गाडीनं जातोय,” हा डब्यातला सर्वांत लाडका हेतू. पण पंचवीस वर्षे उभ्याने जाणाऱ्यालाही तो तितकाच लागू पडतो. म्हणून हा सव्यभिचार हेत्वाभास. असे सांगून पाहा, शिवी दिली म्हणून मारतील.

अंबरनाथला शास्त्राचे आवडते उदाहरण खिडकीतच येते : डोंगरावर धूर, म्हणून तिथे अग्नी. विमको कारखान्याच्या आगकाड्या इथे बनत तेव्हा अग्नीची तरी खात्री होती. आता दिसते ते धुके की एमआयडीसीची कृपा, यावर दोन तट पडतात. हेतूच असिद्ध! नाक मात्र प्रत्यक्ष प्रमाणावर ठाम.

विठ्ठलवाडीपर्यंत विषय सीटवरून नळाच्या पाण्यावर घसरतो, हे अर्थांतर. हरणाऱ्याला नेमका फोन येतो, हा विक्षेप. गौतमाने पराभवाची अशी बावीस निग्रहस्थाने मोजली आहेत. तेविसावे कल्याण. तिथे जी गर्दी आत घुसते, तिच्यापुढे दोन्ही पक्षांना तोंड उघडायलाही जागा उरत नाही.